‘सत्यमेव जयते’: छोट्या पडद्यावरून खटाव-माणच्या शिवारात

‘सत्यमेव जयते’ ही दूरचित्रवाणी मालिका ६ मे २०१२ रोजी, रविवारी सकाळी अकरा वाजता सुरू झाली. स्टार समूहाच्या केबल वाहिन्यांबरोबर ती त्याच वेळी दूरदर्शनवरूनही दाखवली गेली. त्यामुळे ज्या घरात केबल नव्हती तिथेही ती पोचली. मराठीसह अनेक भाषांत तिचे रूपांतर झाले. निर्माता आणि सूत्रधार आमिर खान, दिग्दर्शक सत्यजित भटकळ. पहिल्या पर्वाचे १३ भाग झाले. २०१४च्या मार्चमध्ये दुसऱ्या पर्वाचे ५ आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिसऱ्या पर्वाचे ६ भाग आले.

रविवार सकाळची ही वेळ एके काळी ‘रामायण’, ‘महाभारत’ या मालिकांची होती. सारे घर एकत्र बसून पाहील अशा वेळी स्त्रीभ्रूणहत्या, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, हुंडा, जातीबाहेरच्या लग्नांतून होणारे खून, घरातली मारहाण, अस्पृश्यता हे विषय मांडण्यात धाडस होते. बाप, मुलगी, आजी एका खोलीत बसलेली असताना पडद्यावरची बाई आपली हकीकत सांगत होती. एरवी ज्या विषयावर घरात मौन पाळले जाते, तो विषय असा चारचौघांत आला.

भागाची घडण ठरलेली होती. सुरुवातीला अन्याय भोगलेल्या माणसाची साक्ष. मग प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन केलेले चित्रण, आकडेवारी, जाणकाराचे विवेचन, आणि ज्यांनी वाट काढली आहे अशा व्यक्तीची किंवा संस्थेची ओळख. शेवटी राम संपत यांनी संगीत दिलेले गाणे. एसएमएसद्वारे प्रेक्षकांचा कौल घेतला जाई आणि एखाद्या संस्थेसाठी मदतही गोळा होई. अस्पृश्यतेवरच्या भागात स्टालिन के. यांच्या माहितीपटाचा उपयोग झाला आणि हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन बोलले. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे आले.

परिणामही दिसले. स्त्रीभ्रूणहत्येवरच्या पहिल्या भागानंतर आमिर खान राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांना भेटले. गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांचे तिथल्या पत्रकारांनी केलेले छुपे चित्रण त्या भागात दाखवले होते आणि त्या डॉक्टरांवरचे खटले रखडले होते. वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवरच्या भागानंतर डॉक्टरांच्या संघटनेने माफीची मागणी केली, ती आमिर खान यांनी मान्य केली नाही. पण कोणत्याही प्रश्नावरच्या कामाचे श्रेय एका मालिकेला देणे अन्यायाचे ठरेल. साताऱ्यात वर्षा देशपांडे आणि त्यांचे दलित महिला विकास मंडळ गर्भलिंगनिदानाविरुद्ध ‘लेक लाडकी अभियान’ मालिकेच्या कितीतरी आधीपासून चालवत होते. गिऱ्हाईक म्हणून बाई पाठवून सोनोग्राफी केंद्रे पकडून देण्याचे जोखमीचे काम अशा कार्यकर्त्यांनी केले. मालिकेने त्या कामाला घराघरातले कान मिळवून दिले, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

अवघड सामाजिक प्रश्न पडद्यावर जाण्याचा अनुभव सातारा-सांगलीच्या या मुलखाला जुना आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसवली. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे भिंतीवाचून राहत आणि शेती करत. औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलतो, हे त्या चित्रपटाने जगभर नेले. सांगली जिल्ह्यातली ती वसाहत पुढे राज्याच्या तुरुंग विभागाखाली चालू राहिली.

‘सत्यमेव जयते’च्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला. पडद्यावरचा विषय शिवारात उतरला. पहिल्या पर्वातला एक भाग पाण्यावर होता. २०१६ साली आमिर खान, किरण राव आणि भटकळ यांनी पाणी फाउंडेशन काढले आणि वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षासाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत वरुड आणि अंबाजोगाईबरोबर साताऱ्याचा कोरेगाव होता. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ या कामाचे मार्गदर्शक झाले. गावोगाव जलसंधारणासाठी फिरल्यामुळे ते आधीपासूनच परिचित होते.

सातारा का, हे जिल्ह्याचा नकाशा सांगतो. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेच्या खटाव आणि माण तालुक्यांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास. औंध याच खटाव तालुक्यात आहे. पाऊस कमी, पण तो पडतो त्या वेळी उतारावरून धो धो वाहून जातो. तेवढा अडवला तर विहिरींना पाणी राहते, हे स्पर्धेचे सूत्र होते.

प्रत्येक गावाने आपली काही माणसे निवडून चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायची. तिथे त्यांना हायड्रोमार्कर वापरायला शिकवत. मोजपट्टीच्या दोन काठ्या, त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक जण एका जागी काठी धरून उभा राहतो, दुसरा डोंगराच्या उतारावर सरकत जातो. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी दिसली की दोन्ही जागा समान उंचीवर आहेत. तिथे फक्कीची खूण करायची. अशा खुणा जोडत गेले की समतल रेषा मिळते, आणि त्या रेषेवर सलग समतल चर खोदायचा. रेषा चुकली तर चरातले पाणी एका कोपऱ्यात साचून बांध फोडते. शाळेत फारसे न शिकलेली माणसेही हे मोजमाप आत्मविश्वासाने करू लागली. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, हा शास्त्रातला नियम त्यामुळे बांधावरच्या बोलण्यात आला.

पहिल्या वर्षी कोरेगावातले वेळू पहिले आले. २०१७ साली खटाव तालुक्यातल्या भोसरे गावाला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार विभागून मिळाला. शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांचे गाव म्हणून भोसरे आधीच माहीत होते. २०१८चा पहिला क्रमांक माणमधल्या टाकेवाडीने पटकावला. गावोगावच्या श्रमदानाची कहाणी ‘तुफान आलंया’ या मराठी कार्यक्रमातून दूरचित्रवाणीवर आली. आधीच्या मालिकेत दुःखाची साक्ष असायची, इथे फावडे घेतलेला गावकरी होता.

स्पर्धेवर टीकाही झाली, आणि तिच्यात तथ्य होते. स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांच्या धावपळीत यंत्रांनी खोदण्याकडे कल वाढण्याचा धोका असतो. शिवाय अडवलेले पाणी कोणी किती उपसायचे याचे नियम नसतील, तर ते ऊस आणि नव्या विंधनविहिरी पिऊन टाकतात. फाउंडेशनने पुढच्या टप्प्यात याचा विचार केला. २०१९ नंतर वॉटर कप थांबला. त्यानंतरच्या समृद्ध गाव स्पर्धेत गवताचे संरक्षित कुरण, झाडे, मृदा आणि पाण्याचा ताळेबंद आला. २०२२ पासून फार्मर कप सुरू झाला. त्यात शेतकरी गट करून एकत्र शेती करतात, सावडीने एकमेकांच्या रानात राबतात आणि डिजिटल शेतीशाळेत तज्ज्ञांना थेट प्रश्न विचारतात.