फिरत्या नादाची पेटी

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. होम मैदानावरच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसलेले मूल आईला हाका मारत असते. ते जवळ येताना त्याचा स्वर किंचित चढतो, दूर जाताना किंचित उतरतो. मूल एकाच पट्टीत ओरडत असले, तरी खाली उभ्या असलेल्या आईच्या कानावर तो आवाज लाटेसारखा येतो. या चढउताराचे गणित ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडले. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीवर तुताऱ्या वाजवून त्याचा पडताळा घेण्यात आला. याच तत्त्वावर विद्युत गिटारला गाता गळा देणारी एक लाकडी पेटी बनते, आणि ती घरी बनवता येते. किंबहुना तिचा जन्मच घरगुती खटपटीतून झाला.

डोनाल्ड लेस्ली हे कॅलिफोर्नियातील गृहस्थ. त्यांनी १९३७ मध्ये हॅमंड कंपनीचा विद्युत ऑर्गन घरासाठी खरेदी केला. (हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतील पायपेटी नव्हे. ती भात्याच्या वाऱ्यावर वाजते, हा विजेवर.) दुकानाच्या प्रशस्त दालनात भरदार वाटलेला त्याचा आवाज घरच्या लहान खोलीत मात्र सपक वाटू लागला. चर्चमधील मोठ्या ऑर्गनचा नाद अनेक नळ्यांतून, निरनिराळ्या जागांवरून येतो. येथे तो एकाच ठिकाणाहून येत होता. तेव्हा आवाजालाच हिंडवावे, असे लेस्लींना सुचले. प्रयोगांती पेटी सिद्ध झाली आणि त्यांनी ती हॅमंड कंपनीपुढे ठेवली. कंपनीने ती नाकारली.

व्यापारी कुटुंबांना पुढचा भाग अधिक रोचक वाटेल. नकार मिळाल्यावर लेस्लींनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९४१ पासून पेटी विकू लागले. लॉरेन्स हॅमंड यांना ती कधीच रुचली नाही, पण ऑर्गन घेणारे ग्राहक लेस्लीची पेटी मागत राहिले. १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने लेस्लींचा व्यवसाय विकत घेतला. त्याच वर्षी तिने फेंडर ही गिटार बनवणारी कंपनीही घेतली होती. एकाच मालकाच्या छताखाली आलेल्या या दोन व्यवसायांतून १९६७ मध्ये गिटारसाठी ‘व्हायब्राटोन’ ही पेटी बाजारात आली. पुढे १९८० मध्ये लेस्लीचे नाव विकत घेतले ते हॅमंड कंपनीनेच! त्याआधी, १९६६ मध्ये, बीटल्सच्या ध्वनिमुद्रणात जॉन लेनन यांचा आवाजही या पेटीतून फिरवला गेला होता.

पेटीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तिच्यात ध्वनिक्षेपक फिरत नाही. तसा फिरता, तर त्याच्या तारांना पीळ पडला असता. तो स्थिर असतो आणि त्याच्यासमोर एक पोकळ पिंप फिरते. पिंपाच्या आतील वक्र उतारावर आदळून ध्वनी एका बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतो. मोठ्या लेस्लीत उंच स्वरांसाठी वर एक फिरता कर्णाही असतो. पाहणाऱ्याला कर्णे दोन दिसतात, पण वाजतो एकच. दुसरा केवळ तोल सांभाळतो. गिटारसाठी व्हायब्राटोनप्रमाणे दहा इंची एक ध्वनिक्षेपक आणि एक पिंप एवढे पुरते.

यंत्रमागांच्या सोलापुरात मोटर, पट्टा, पुली आणि बेअरिंग हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पेटीसाठी अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. पिंप थर्माकोलचे थर चिकटवून कोरता येते. मात्र रबरी डिंकाने थर्माकोल विरघळते, म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंदच वापरावा. गती दोन लागतात: संथ, मिनिटाला सुमारे चाळीस फेरे, आणि जलद, सुमारे चारशे. मोटर मिनिटाला सोळाशे फेरे घेणारी असेल, तर तिच्यावर पंचवीस मिलिमीटरची आणि पिंपावर शंभर मिलिमीटरची पुली बसवली की हिशेब जुळतो. बारा व्होल्टची मोटर आणि गतिनियंत्रक घेतल्यास वेग हवा तसा बदलता येतो. दात्यांची चाके टाळावीत, कारण त्यांची खरखर लाकडात उतरते. मोटरच्या ठिणग्यांची चरचर गिटारमध्ये ऐकू येऊ नये म्हणून तिच्या दोन टोकांना एक छोटा कपॅसिटर जोडतात.

खरी कसोटी तोलाची. खिडकी कोरली की ती बाजू हलकी होते. पिंपाचा आस दोन समतल पट्ट्यांवर आडवा ठेवून पाहावा. जड बाजू आपोआप खाली येते. मग हलक्या बाजूला स्क्रू पिळत जावे आणि पिंप कोठेही थांबवले तरी स्थिर राहील तेव्हाच हात थांबवावा. या कामात अर्धा दिवस सहज जातो. येथे उतावीळपणा केला, तर चारशे फेऱ्यांना सगळी पेटी थरथरते. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या पिंपाची कड त्या वेगात ताशी तीस किलोमीटरने धावते. म्हणून घरात लहान मुले असतील, तर झरोक्यांना आतून लोखंडी जाळी ठोकलेलीच हवी.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतीलच. असा आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आज तळहातावर मावते, आणि ध्वनिमुद्रणात पुष्कळांना फरक कळत नाही. परंतु पेटीचा आवाज खोलीच्या चारही भिंतींवर फिरून येतो. ऐकणारा दोन पावले सरकला तरी तो निराळा भासतो. ही गोष्ट एका जागी ठेवलेल्या साध्या ध्वनिक्षेपकाला साधत नाही.

आणि वेग बदलतानाची ती काही क्षणांची वेळ! कळ दाबली तरी पिंप लगेच धावत नाही. स्वतःच्या वजनासह हळूहळू वेग घेते, आणि तोपर्यंत एकच लांबवलेला स्वर संथ लाटेवरून थरथरत्या कंपापर्यंत चढत जातो. वादक त्या क्षणासाठीच कळ दाबत असतो. पिंप फार हलके झाले, तर हा चढ निसटतो. अशा वेळी कडेला सारखी वजने समोरासमोर लावून पुन्हा तोल पाहावा लागतो.