पंधरा दिवसांची नोटीस

पुण्याच्या पेठांमधल्या भाडेकरूंच्या वाड्यांत दुरुस्तीची बोलणी अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू होतात. वळिवाची पहिली सर येऊन गेली की कुणाच्या खोलीत कुठे गळतं याची उजळणी होते, मालकांच्या कानावर घातलं जातं, "बघू, माणूस पाठवतो" असं उत्तर मिळतं आणि जून लागतो. शाकारणी एकदा राहिली की राहिली. पावसानं शेवाळलेल्या कौलांवर कुणी गडी चढत नाही. म्हणून या कामात तारखेला महत्त्व आहे, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीची तारीख पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

आमच्या वाड्यात यंदा आम्ही मालकांकडे जाण्याआधी सुताराला माळ्यावर नेलं. खोलीत ओलीचा डाग भिंतीच्या मधोमध दिसत होता. सुतारानं बॅटरी मारली ती मात्र पार वर, आढ्याजवळ. तिथली दोन मंगलोरी कौलं सरकली होती. पाणी तिथून शिरून वाशाच्या पोटाखालून ओघळत येत होतं आणि वासा भिंतीत जातो तिथं मुरत होतं. वाशाच्या त्या टोकावर त्यानं पटाशी टेकवून नुसती दाबली. ती बोटभर आत गेली आणि भुगा खाली सांडला. "कौलांचं काम दोन तासांचं आहे ताई. पण हा वासा गेलाय. भिंत मातीची, आणखी एक पावसाळा पाणी प्यायली तर तिला पोट येईल."

नोटिशीत आम्ही हेच उतरवलं. 'घर गळते' एवढंच लिहिलं तर मालक दोन कौलं सरकवून दुरुस्ती झाली म्हणायला मोकळे. म्हणून कोणती खोली, कोणत्या भिंतीकडून कितवा वासा, रिपा कुठून कुठपर्यंत कुजल्या, हे सगळं लिहिलं. तारखेसह फोटो आणि सुताराचं अंदाजपत्रक जोडलं, आणि ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्या सगळ्या भाडेकरूंच्या सह्या घेतल्या. भाडेपावतीवर सही एकाच मालकाची असते, पण सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढली तर त्यांची भावंडं, चुलतभावंडं अशी सगळी नावं निघाली. प्रत्येकाला वेगळं पाकीट, पोचपावतीसह. एक पाकीट 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. असं पाकीट फोडायचं नाही, तसंच बंद ठेवायचं. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर नोटीस पाठवल्याचा पुरावा तेच.

या कागदामागे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ आहे. जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाला बंधनकारक आहे, असं ते सांगतं. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकानं वाजवी मुदतीत काम केलं नाही, तर भाडेकरूंनी एकट्यानं किंवा मिळून ते करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

सगळं अडतं ते इथं. ज्याचं भाडं महिन्याला १०० रुपये आहे, त्याचं वर्षाचं भाडं १२०० आणि चौथा हिस्सा ३००. तीनशे रुपयांत सुतार अर्धा दिवसही येत नाही. एवढ्या भाड्यात वाडा सांभाळणं मालकालाही जड जातं, हे मला मान्य आहे. कायद्यानं त्याला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ दिली, तरी १०० चे १०४ झाल्यानं वासा येत नाही. मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या जुन्या इमारतींसाठी उपकर घेतला जातो आणि दुरुस्ती मंडळ त्यांची संरचनात्मक दुरुस्ती करतं. पुण्याच्या वाड्यांना असं मंडळ नाही. ते असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

महापालिकेकडे जायला लोक कचरतात, आणि त्यांची भीती खरी आहे. पालिका धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला सांगू शकते, तसं पाडायलाही सांगू शकते. आणि पाडण्याचा आदेश निघाला तर जागा रिकामी करून मागायला मालकाला याच कायद्याचं कलम १६ आधार देतं. एका वाशासाठी एवढी जोखीम कोण घेईल? लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी तर कलम १४ वर विसंबूच नये. त्यांचा आधार करारातली दुरुस्तीची अट, तेव्हा ती सही करण्याआधीच वाचून घ्यावी.

मग चौथ्या हिश्शासाठी नोटिशीचा खटाटोप कशाला? कारण नोटीस गेल्यावर मालक लेखी बोलू लागतात. आमच्याकडे वारसांपैकी एकांचा फोन आला, "काम करून घ्या, भाड्यातून वळतं करा." आम्ही म्हटलं, "काका, एवढंच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, रकमेसकट." त्यांनी लिहिलं. मर्यादेबाहेरचा खर्च पुढच्या काही वर्षांच्या भाड्यात वळवायला त्यांची संमती मिळाली ती या दोन ओळींत.

सुतारानं खालून धिरे दिले, कौलं उतरवून अंगणात रचली, कुजका वासा काढला आणि त्याच मापाचा सागवानी वासा बसवला. भिंतीत जाणाऱ्या टोकाला डांबर फासलं. पत्रा स्वस्त पडला असता, पण आम्ही कौलाच्या जागी कौलच ठेवलं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, हे घर खाली करून मागायचं एक कारण आहे, आणि त्या वादाला तोंड फोडायचं नव्हतं.

लाकूड, कौलं, मजुरी, प्रत्येकाची पावती घेतली. कलम १४ खालचा हिशेब आणि पावत्या मालकावर बंधनकारक असतात. भाडं मात्र कुणी थांबवलं नाही. थकबाकी मागणाऱ्या नोटिशीनंतर नव्वद दिवसांत भाडं भरलं नाही तर मालकाला जागेसाठी दावा लावता येतो. त्यामुळे वळती रक्कम वजा करून उरलेलं भाडं दर महिन्याला मनीऑर्डरनं जातं, आणि वजाबाकीचा आकडा मालकांना लेखी कळवलेला असतो. जिन्याची वरची तुळई वाकली आहे. तिच्यासाठी सुताराचं अंदाजपत्रक आलंय आणि सह्या गोळा होत आहेत.