सोमालियातली ज्वारीची पेवं

मार्च २०२४ मध्ये नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत उतरवण्यात आले. आपल्याकडे सोमालियाची बातमी येते ती अशी, नाहीतर दुष्काळाच्या फोटोतून. त्यामुळे ‘सगळा वाळवंटी मुलूख, उंट आणि चाचे, नदीबिदी कुठली तिथे?’ असं भल्याभल्यांना वाटतं. चाच्यांची गाजलेली ठाणी ईशान्येच्या आणि मध्य सोमालियाच्या रखरखीत किनाऱ्यावर होती. दक्षिणेकडचा, दोन नद्यांमधला सोमालिया वेगळा आहे. तिथे मका, तीळ, ऊस, केळी होतात. नद्यांपासून दूर, बायदोआच्या बाजूला कोरडवाहू ज्वारी होते. ती साठवायला शेतकरी जमिनीत खोल खड्डा खणतो, आत कडब्याचं अस्तर लावतो, धान्य भरतो आणि वर माती लोटतो. तिथे त्याला ‘बकार’ म्हणतात. मराठी वाचकाला ते काय असतं हे सांगायला नको: पेव!

नद्या दोन, जुब्बा आणि शबेले. दोन्ही बारमाही दिसतात नकाशावर, पण त्यांचं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी इथियोपियाच्या डोंगरांतून येतं. तिकडे पाऊस कोसळला की इकडे ऊन पडलेलं असतानाही पूर येतो. मे २०२३ मध्ये शबेलेकाठचं बेलेदवेयन असंच बुडालं आणि दोन लाखांवर माणसांना घरं सोडावी लागली. सगळा दोष परक्या पावसाला देऊन मात्र चालणार नाही. उन्हाळी पाणी कमी झालं की शेतकरी काठचा बांध फोडून पाणी वळवतात, आणि ते भगदाड बुजवायचं राहिलं तर पुढचा पूर तिथूनच शिरतो. १९९१ मध्ये सरकार कोसळलं, त्यानंतर बांध-कालवे सांभाळणारं कुणी राहिलं नाही.

शबेले समुद्राला मिळते हाही असाच एक समज. ‘शबील’ म्हणजे बिबट्या, आणि नदीची चालही तशी हुलकावणी देणारी. मोगादिशूच्या रोखाने येते, समुद्र तीसेक किलोमीटरवर राहिला की नैर्ऋत्येला वळते आणि वाळूच्या टेकड्यांआडून किनाऱ्याला समांतर चालत राहते. शेवटी दलदलीत जिरते. पाणी चांगलं असलेल्या वर्षीच ती जुब्बापर्यंत पोचते. किसमायोजवळ समुद्र गाठते ती जुब्बा.

‘सोमाली म्हणजे एक वंश, एक भाषा, एक धर्म’ हे वाक्य सोमाली पुढारीही मोठ्या अभिमानाने ऐकवत आले. धर्माचं खरं आहे. भाषेचं नाही. नद्यांमधल्या राहनवेइन लोकांची बोली ‘माय’. नाव ऐकून आपले कान टवकारतात, पण त्यांच्याकडे ‘माय’ म्हणजे ‘काय’. बाकीच्यांच्या बोलीत ‘काय’ला ‘महा’ म्हणतात. एकाचं दुसऱ्याला सहज कळत नाही. १९७२ मध्ये सोमालीला लॅटिन लिपी मिळाली ती ‘महा’ बोलीच्या आधारे, त्यामुळे राहनवेइन मूल शाळेत दुसऱ्याच्या बोलीत शिकलं.

‘एक वंश’ हेही खरं नाही. नदीकाठच्या बांटू शेतकऱ्यांबद्दल तर ‘हे गुलामांचे वंशज’ एवढंच बोललं जातं. अर्धं खरं. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या बाजारातून याओ, मकुआ, झिगुआ अशा समाजांतली हजारो माणसं विकत आणून शबेलेकाठच्या मळ्यांत जुंपली गेली. पळालेल्यांनी जुब्बाकाठच्या जंगलात, गोशात, स्वतःची गावं वसवली आणि तिथे झिगुआ भाषा आजही जिवंत आहे. पण शबेलेवरचे शिदले, मकान्ने यांच्यासारखे समाज या गुलामांच्या आधीपासूनचे. सगळ्यांना एकाच शिक्क्याखाली आणलं की जमिनीवरचा जुना हक्क आपोआप पुसला जातो. शिक्का मारणाऱ्याच्या ते सोयीचंच.

शेती इटालियनांनी शिकवली, हेही तसंच. अजुरानांनी इथे राज्य केलं, पुढे अफगोयेच्या गेलेदी सुलतानांनी केलं, तेव्हापासून हा काठ पिकत होता. इटलीचा अब्रुझ्झीचा ड्यूक आला तो १९२० मध्ये. १९०९ साली केटू शिखरावर चढू पाहणारा तो हाच. शिखराच्या एका धारेला अजून त्याचंच नाव आहे. आजच्या जौहरला त्याने उसाचे मळे उभारले आणि १९३३ मध्ये तिथेच मेला. केळीची निर्यात वाढली ती इटालियनांच्याच काळात. पण गुलामी कागदावर बंद करणाऱ्या त्याच सत्तेने पुढे मळ्यांसाठी बांटू गावांतून माणसं सक्तीने उचलली. केळी मात्र सोमाली ताटात कायमची बसली: मटणाचा रसदार भात आणि शेजारी सोललेलं केळं, घासागणिक एक चावा.

आता सर्वांत चिवट गैरसमज: पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ. १९९२ च्या दुष्काळात माणसं सर्वाधिक मेली ती या धान्य पिकवणाऱ्या पट्ट्यात, बायदोआच्या आसपास. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि टोळ्यांची सैन्यं या प्रदेशातून पुन्हा पुन्हा आली-गेली. प्रत्येक फेरीत गुरं नेली, बियाणं नेलं आणि पेवं उकरली. पेव असतंच पावसाने दगा दिलेल्या वर्षासाठी. ते लुटल्यावर साधं कोरडं वर्षही पुरे झालं. २० जुलै २०११ ला संयुक्त राष्ट्रांनी पुन्हा दुष्काळ जाहीर केला तो दक्षिण बाकूल आणि लोअर शबेलेत, म्हणजे याच भागात. तेव्हा पाऊस खरोखर हुकला होता, पण धान्याचे भाव चढले होते, आणि अल-शबाब या सशस्त्र संघटनेने मदतसंस्थांची वाट अडवली होती. सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली. निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

या दोन्ही दुष्काळांत मरणारे अधिककरून राहनवेइन आणि बांटू होते. परदेशातून पैसे पाठवणारे नातेवाईक नाहीत, बंदूक असलेली टोळी पाठीशी नाही. २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत संसदेच्या जागांचं गणित ठरलं, साडेचारचं: चार मोठ्या कुळांना एकेक पूर्ण वाटा, उरलेल्या सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. राहनवेइन त्या चारांत बसले. बांटूंच्या हाती आला अर्ध्यातला तुकडा.