पाण्याचा ताळेबंद आणि राज्यकारभार

2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडलेले होते. पहिल्या खेपेस दहा टाक्या आल्या. प्रत्येकीत सुमारे 50,000 लिटर पाणी. हे झाले संकटनिवारण. परंतु अशी गाडी पुन्हा आणावी लागू नये ह्याची आगाऊ तजवीज करणे, ह्यास अनुकूलन म्हणतात, आणि सरकारी धोरणाची खरी परीक्षा तेथेच आहे.

भारत सरकारने 2008 साली हवामानबदलाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पुढे प्रांतोप्रांतीचे आराखडे झाले. महाराष्ट्रात 2018 साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत लातूर व नांदेड हे दोन्ही होते. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांनी किती घेतले, असा गावाच्या पाण्याचा ताळेबंद त्यात मांडावयाचा असतो. घरखर्चाच्या वहीसारखीच ही वही. मात्र येथे शेजाऱ्याकडून उसने मिळण्याची सोय नाही!

मोजमापाची रीतही पालटली. पूर्वी पिकाचा अंदाज घेऊन पैसेवारी काढीत, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई मानीत. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पावसातील खंड, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती व जलसाठे हेही विचारात घेतले. ही सुधारणा मोलाची खरी. परंतु तिने मोजली जाते ती आपत्ती, तयारी नव्हे.

तयारी मोजावयाची म्हटली की कचेरीत कामांची संख्या पुढे येते. ती मोजावयास सोपी. पण अस्तर घातलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरले, तर कागदावर एक काम वाढते आणि भूगर्भातील साठा घटतो. शिवाय उघड्यावर त्याची वाफ होते ती निराळीच. दुसरीकडे, 2025 च्या ऑगस्टात नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात गावांत पुराचे पाणी शिरले. केवळ टंचाईवर बेतलेली तयारी अशा रात्री काय कामाची?

पाऊस बरा झाला की प्रत्येक योजना यशस्वी दिसते. म्हणून सारख्या पावसाची दोन वर्षे निवडावी, एक कामापूर्वीचे व एक नंतरचे. आणि त्याच गावातील त्याच विहिरींत मे महिन्यात पाणी किती हात उरले, ते ताडून पाहावे.