शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्या घरांतील वडील माणसें सांगत आलीं आहेत. चुलीवरच्या भाताला हा न्याय लागू पडतो, कारण भांड्यांतील सारीं शितें एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. परंतु ज्या गोष्टी एकामागून एक घडतात, आणि ज्यांतील पहिलीचा परिणाम दुसरीवर होतो, तेथें हा न्याय कितपत चालेल? अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या हंगामांत हा प्रश्न दर वर्षीं सप्टेंबर महिन्यांत उभा राहतो. ज्या कुटुंबांतील मुलें तिकडील विद्यापीठांत शिकावयास गेलीं आहेत, त्यांच्या कानांवर या खेळाचें नांव खचित आलें असेल.

हा फुटबॉल आपल्याकडे पायानें खेळतात तो नव्हे. लांबोडका चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, किंवा तो पुढच्या गड्याकडे फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरावयाचें, असा हा खेळ आहे. १८६९ च्या नोव्हेंबरांत रट्गर्स व प्रिन्स्टन यांच्यांत झालेल्या सामन्यापासून या परंपरेचा प्रारंभ धरतात. बहुतेक विद्यापीठें ‘कॉन्फरन्स’ या नांवाच्या निरनिराळ्या मंडळांत विभागलेलीं असतात, आणि मंडळाचें विजेतेपद त्यांच्या आपसांतील सामन्यांवरून ठरतें. नियमित हंगामांत एका संघाच्या वाट्याला सुमारें बाराच सामने येतात. त्यामुळें एक पराभवही भारी पडतो. शिवाय दोन संघांची जयसंख्या सारखी झाली, तर त्यांच्या परस्परांतील सामन्याकडे पाहण्याची वहिवाट आहे. म्हणजे सप्टेंबरांत झालेला सामना डिसेंबरांत पुन्हा साक्ष द्यावयास उभा राहूं शकतो.

२००८ सालचा सप्टेंबर महिना या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ त्या वेळीं देशांत पहिल्या क्रमांकावर होता. ओहायो स्टेटसारख्या नामांकित संघाला त्यानें ३५-३ अशी धूळ चारली होती. ता. २५ सप्टेंबर रोजीं मंडळांतील पहिल्याच सामन्यासाठीं तो ऑरेगन स्टेटच्या मैदानावर गेला. तेथें जॅक्विझ रॉजर्स या नवख्या, ठेंगण्या विद्यार्थ्यानें त्याची बचावफळी फोडून काढली आणि ऑरेगन स्टेटनें २७-२१ असा विजय मिळविला. दोनच दिवसांनीं फ्लॉरिडाचा संघ स्वतःच्या मैदानावर मिसिसिपीकडून ३१-३० असा, अवघ्या एका गुणानें, हरला.

दोन्ही संघांच्या पहिल्या घासालाच खडा लागला होता, आणि दोघांनींही त्यानंतर एकही सामना गमावला नाहीं. तरी फळें मात्र निराळीं आलीं. त्या काळीं साऱ्या देशाच्या अजिंक्यपदासाठीं केवळ दोनच संघ निवडले जात. ती निवड जाणकारांच्या मतांवर व गणकयंत्रांच्या आंकडेमोडीवर होत असे. फ्लॉरिडाला मंडळाच्या अंतिम सामन्यांत पहिल्या क्रमांकाच्या अपराजित अलाबामाला ३१-२० असें हरविण्याची संधि मिळाली, आणि पुढें ओक्लाहोमाला २४-१४ असें नमवून तो संघ अजिंक्य ठरला. सदर्न कॅलिफोर्नियाच्या मंडळांत तेव्हां असा अंतिम सामनाच नव्हता, व त्यांतील इतर संघांचा लौकिकही बेताचाच मानला जात होता. त्यामुळें डाग धुऊन काढावयास त्याला तितकें पाणी मिळालें नाहीं. रोझ बोलच्या सामन्यांत पेन स्टेटला ३८-२४ असें हरवूनही त्याला १२ जय व १ पराजय एवढ्यावरच समाधान मानावें लागलें.

फ्लॉरिडाचा सूत्रधार टिम टीबो यानें पराभवानंतर डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली, आणि उरलेल्या हंगामांत आपल्याइतके कष्ट कोणीही घेणार नाहीं, असें वचन दिलें. तें वचन पुढें त्याच्या मैदानावर धातूच्या पाटीवर कोरून ठेवण्यांत आलें. मात्र शेवटचा सामना तो हरला असता, तर ती पाटी कोणी कशाला लावली असती? आरंभाच्या प्रसंगाला अर्थ पुष्कळदां शेवटच चिकटवितो.

जिंकणाऱ्याचीही कथा ऐकण्याजोगी आहे. ता. १९ सप्टेंबर २०१५ रोजीं अलाबामानें पांच वेळां चेंडू हातचा घालविला व मिसिसिपीनें त्याला ४३-३७ असें हरविलें. आतां मंडळाच्या पश्चिम गटांत बरोबरी झाल्यास मिसिसिपीचेंच पारडें जड ठरणार होतें. परंतु ता. ७ नोव्हेंबरला आर्कन्सॉशीं जादा वेळांत खेळतांना एक विलक्षण प्रकार घडला. आर्कन्सॉचा शेवटचा, चौथा प्रयत्न होता. जावयाचें होतें पंचवीस यार्ड. चेंडू झेललेला गडी पकडला जात असतां त्यानें तो डोक्यावरून मागें भिरकावला, सोबत्यानें तो उचलून वाट काढली, आणि अखेर आर्कन्सॉ ५३-५२ असा जिंकला. हा सामना मिसिसिपीनें जिंकला असता, तर गट त्याचाच होता. तो हरला, आणि सप्टेंबरांतील पुण्याई वाहून गेली. अलाबामा मात्र पुढें क्लेम्सनला ४५-४० असें हरवून देशाचा अजिंक्य झाला.

पुढें नियमही बदलले. २०१४ च्या हंगामापासून अजिंक्यपदासाठीं चार, व २०२४ पासून बारा संघांना वाव देण्यांत आला. कोणत्याही मंडळांत नसलेला नोटर डेमचा संघ २०२४ च्या सप्टेंबरांत नॉर्दर्न इलिनॉयकडून स्वतःच्या मैदानावर १६-१४ असा हरला. तरी तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें ज्या ओहायो स्टेटनें त्याला ३४-२३ असें हरविलें, त्याच्याही पदरीं दोन पराभव होते. दार जितकें रुंद, तितकी पहिली ठेंच कमी जिव्हारीं लागते.

तेव्हां एका आरंभींच्या सामन्यावरून हंगाम ठरतो काय? आमच्या मतें, तो सामना भविष्य सांगत नाहीं; तो पुढील वाटेवरची सवड तेवढी कमी करितो. उरलेल्या सवडींतून किती निघेल हें खेळाडूंच्या निष्ठेवर, आणि कांहीं अंशीं दार किती उघडें आहे यावरही, अवलंबून असतें. सदर्न कॅलिफोर्नियाची निष्ठा उणी नव्हती. त्याला दारच मिळालें नाहीं. घरांतील मुलगा किंवा मुलगी पहिल्या सहामाहींत नापास झाली, म्हणजे आपण सारी मंडळी जेवणाच्या पानावरच तिच्या भवितव्याचा निकाल लावून मोकळीं होतों. निष्ठा राखणें मुलांच्या हातीं आहे. दार उघडें ठेवणें मात्र वडिलांच्याच हातीं असतें. शितावरून भात अवश्य पारखावा. पण चुलीवरचा भात पुरता शिजूं द्यावा, इतकेंच.