मोटारीचा नाद

'नाद' हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. घंटेचा घुमणारा आवाज म्हणजे नाद, आणि एखादा माणूस कशाच्या तरी मागे वेडा झाला, तर तोही नादच. मग घरची माणसे कपाळाला हात लावून म्हणतात, "याला कसला नाद लागलाय, देव जाणे!" आज ज्या नादाविषयी मी बोलणार आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. तो नाद आहे जुन्या मोटारींचा.

आमचे खुलताबाद दोन घाटांच्या मधले गाव. एकीकडे दौलताबादेहून चढून येणारा रस्ता, दुसरीकडे वेरूळच्या लेण्यांकडे उतरणारा. त्यामुळे मोटार कशी आहे, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही, घाट सांगतो. आमची चार माणसे संध्याकाळी बसतात. एक आबा, ज्यांनी हयातभर एस.टी. हाकली. दुसरे चाचा, मोटारीचे मिस्त्री. तिसरा एक तरुण सुतार. आणि चौथा मी, शाळामास्तर. चहा येतो, आणि बोलणे सुरू होते ते मोटारीवरच.

आबांना गाड्यांचा इतिहास तोंडपाठ. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली होती. "म्हणजे मास्तर, सरकारी मोटारीच्या बाबतीत आपण पुण्याच्या सोळा वर्षं पुढं होतो," असे म्हणून आबा मिशीत हसतात.

आता घाटाची गोष्ट. आजच्या गाडीत गिअर बदलणे सोपे झाले आहे. जुन्या बसगाड्यांत तसे नव्हते. गिअरपेटीतली दोन दातेरी चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती जुळली तरच दात दातात बसतो; नाही तर असा कर्कश आवाज होतो की मागचा झोपलेला उतारू उठून बसतो. चढावर खालचा गिअर टाकायचा, तर चालक क्लच दाबून गाडी मोकळी करी, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोका देई, इंजिनची गती वाढे, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकी. याला 'डबल क्लच' म्हणत. हे सगळे डोळ्याची पापणी लवावी तितक्या वेळात, आणि तेही कोणत्या घड्याळाकडे न बघता.

"मग कळायचं कसं, आबा, की गती जुळली?" मी एकदा विचारले.

"कानानं, मास्तर. रस्ता डोळ्यानं बघायचा अन् गाडी कानानं चालवायची."

यात गणित आहे, आणि शिक्षक बंधुभगिनींनी ते वर्गात अवश्य सांगावे. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात मुख्य दांड्याचा एक फेरा झाला की दोन स्फोट होतात. दांडा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३००० स्फोट झाले, म्हणजे सेकंदाला ५०. हेच ५० ठोके कानाला एक सलग सूर म्हणून ऐकू येतात. फेरे ३००० झाले की ठोके १००. आणि कंपने दुप्पट झाली की संगीतात काय होते? खालच्या सा वरून आपण वरच्या सा वर जातो! फेरे २२५० झाले, तर ठोके ७५, म्हणजे दीडपट, तो पंचम. इंजिनला राग येतो असे आपण म्हणतो. पण त्याला सूरही येतो, हे ध्यानात घेत नाही.

हे ऐकून चाचा म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पण मी गवई आहे हे आज कळलं!"

चाचांचा कान तयार झाला तो खुलताबादच्या उरुसात. सूफी संतांच्या या गावात कव्वालीची परंपरा जुनी आहे. १३३७ साली निवर्तलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा इथेच आहे, आणि ते संगीताचे मोठे चाहते म्हणून प्रसिद्ध होते. रात्र रात्र कव्वाली ऐकलेला माणूस सकाळी इंजिन सुरू करतो आणि म्हणतो, "तिसरा सिलिंडर बेसूर आहे." प्लग काढून पाहावा, तर तो काजळलेला असतो.

आमच्या बैठकीत विनोदालाही मानाचे पान आहे. एकदा एका पाहुण्याने विचारले, "मास्तर, तुमची जुनी मोटार ॲव्हरेज किती देते?" मी म्हणालो, "उतारावर चांगले देते. चढावर मात्र माझे चार विद्यार्थी देतात." तुम्हाला वाटेल, ही नुसती थट्टा. पण थट्टेचा एक उपयोग आहे. जिथे माणूस स्वतःवर हसू शकतो, तिथे तो आपली चूकही लपवीत नाही. आणि चूक उघडी पडली की चौघे मिळून ती सुधारतात.

अशीच आमची एक चूक आज सांगतो, कारण ती कोणी पुन्हा करू नये.

आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या आड एक फियाट ११०० उभी होती. गाडी १९६५ ची. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होत. याच गाडीला पुढे 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. इंजिन १०८९ सी.सी. चे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला.

आम्ही चौघे २०२२ साली ती गाडी पाहायला गेलो. सुताराने हौसेने टेप काढून सगळी मापे वहीत टिपली. मालकांना आम्ही म्हटले, "दादा, गाडी छान आहे, जपा." एवढेच म्हटले. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला, वजनावर पैसे मोजले आणि गाडी कापून नेली. मालकांचे काय चुकले? त्यांना वाटले, एवढ्या जुन्या गाडीची आता नोंदच होणार नाही. आणि आम्हा शहाण्यांनाही दुसरे काही ठाऊक नव्हते.

नंतर कळले, की केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्येच नियम केला आहे. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, मोठा फेरफार न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पुढे पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. मात्र ही गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणून, शेतकरी बंधूंनो, कोणाच्या गोठ्यात आजोबांची मोटार किंवा फटफटी असेल, तर दोन गोष्टी करा. तिचे जुने नोंदणीपुस्तक ट्रंकेत जपून ठेवा, आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत एकदा विचारा.

आमच्या हाती उरली ती फक्त मापांची वही. सुतार गप्प बसला होता. मग तोच म्हणाला, "मास्तर, खरी गेली. लहान तरी करू." आणि आमच्या शाळेतल्या मुलांनी ती मोटार पुन्हा बांधली, पुठ्ठ्याची.

तिची कृती सांगतो. प्रमाण धरले १ ला २०. गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर, तिला २० ने भागले, की साडेएकोणीस सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.३४ मीटर, ते झाले ११.७ सेंटिमीटर. चौकटीच्या कागदावर बाजूने, समोरून आणि वरून अशी तीन चित्रे काढली. त्यांवरून पुठ्ठा कापून खळीने चिकटवला. आतला सांगाडा ज्वारीच्या चिपाडांचा, खिळ्यांऐवजी बाभळीचे काटे. चाके जुन्या चपलेच्या रबराची. आपल्याकडे मुले चिपाडाच्या बैलगाड्या पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. तेच कसब, फक्त त्याला मोजपट्टी जोडली.

एका मुलाने चाके मात्र अंदाजाने कापली. ती एवढी मोठी झाली की मोटार बैलगाडीसारखी दिसू लागली. मुलगा रडवेला झाला. चाचा म्हणाले, "राहू दे बेटा, ही ऊस घेऊन कारखान्याला जाईल!" सगळे हसले, तोही हसला, आणि मोजपट्टी घेऊन पुन्हा बसला.

मग मी फळ्यावर एक प्रश्न घातला. लांबी २० पट लहान झाली. मग वजन किती पटींनी कमी होईल? बहुतेकांनी २० सांगितले. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २० पट लहान झाली, म्हणजे आकारमान २० गुणिले २० गुणिले २०, अर्थात ८००० पट कमी झाले. खरी गाडी सुमारे ९०० किलोची. हुबेहूब लोखंडाकाचेची छोटी गाडी केली, तर ती सुमारे ११२ ग्रॅम भरेल. तळहातावर सहज तोलता येईल, एवढी! घनमूळ आणि घनफळ शिकवताना पोरांचे डोळे असे चमकलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

ती पुठ्ठ्याची मोटार आमच्या शाळेच्या कपाटात आहे. एके दिवशी त्या फियाटचे मालक नातवाला घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले. मग बोटाने दाराजवळ दाखवून म्हणाले, "इथं पोचा होता. लग्नाच्या वरातीत बैलानं शिंग मारलं होतं." सुताराने तिथे अंगठ्याने हलकेच दाबले, आणि पोचा केला.

श्रोते हो, नाद म्हणून हिणवू नका. माणसे चार घटका बसतात, मोटारीवर बोलतात, गातात, हसतात; त्यात कान तयार होतो, हात तयार होतो. पण नुसते बोलून उठू नये, हा धडा आम्ही एक गाडी गमावून शिकलो. तुमच्या गावात जे जुने आहे, त्याची मापे आजच वहीत उतरवा. आणि गावात आबा असतील, चाचा असतील, तर त्यांना एक दिवस शाळेत बोलवा.