ज्वारीच्या लाह्या आणि वानखेडेचा कल्लोळ

सन २०२३ च्या १५ नोव्हेंबरला मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला, त्यात विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतील आपले पन्नासावे शतक पुरे केले आणि मोहम्मद शमीने सात गडी टिपले, तेव्हा परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या क्रीडारसिकाला हा सोहळा दूरचित्रवाणीवरच पाहणे भाग होते. आणि मैदानावर मिळणाऱ्या खमंग, कुरकुरीत जिनसांची तजवीजही त्याला स्वतःच्याच चुलीवर करावी लागणार होती. तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून जाहीर केलेले होते. हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण प्रेक्षागारात कागदी डब्यातून विकल्या जाणाऱ्या मक्याच्या लाहीला तोलामोलाची जोड या मुलखात पूर्वापार आहे, आणि ती म्हणजे ज्वारीची लाही.

लाही फुटण्यामागचे भौतिकशास्त्र मोठे मनोहर आहे. मक्याच्या दाण्यात, त्याच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के इतके पाणी पिष्टात मुरलेले असते. दाणा तापू लागला की त्या पाण्याची वाफ होऊ पाहते, परंतु टणक कवच तिला वाट देत नाही, आणि प्रेशर कुकरमध्ये व्हावे तसा आतला दाब वाढत जाऊन, १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वातावरणाच्या दाबाच्या नऊ-दहा पट झाला म्हणजे कवच फाटते, दाब एकाएकी उतरतो, आणि तोवर मऊ झालेले पिष्ट असंख्य बुडबुड्यांनी फुगून जागच्या जागी थिजते. फ्रान्समधील दोन संशोधकांनी २०१५ साली अतिवेगवान चित्रीकरणाच्या साहाय्याने असा निर्वाळा दिला, की फुटतानाचा तो आवाज कोंडलेली वाफ निसटण्याचा असतो.

ज्वारीचा दाणा लहान, म्हणून त्याची लाहीही लहान. नियम मात्र तोच. ज्याचे कवच जाड आणि आतला गर काचेसारखा कठीण, तो दाणा उत्तम फुलतो. ठिसूळ, पिठूळ गराच्या दाण्यात वाफ धरून ठेवण्याचे सामर्थ्य नसते. नागपंचमीच्या सुमारास लाह्या करणाऱ्या जाणत्या बायका दाण्यांवर पाण्याचा हबका मारून ते फडक्यात बांधून मुरत ठेवतात, मग लोखंडी कढई कडकडीत तापवून त्यात मूठमूठच दाणे टाकतात आणि फडक्याच्या बोळ्याने ते सतत फिरवतात, यातली एकही क्रिया निरर्थक नाही. ओल कमी पडली तर दाब पुरेसा चढत नाही. आच मंद असली तर वाफ हळूहळू झिरपून जाते. दाणे एकाच वेळी फार टाकले तर कढई निवते. आणि तिन्ही प्रसंगी पदरात पडतात ते गणंग. भडभुंज्या तापलेली वाळू वापरतो, याचे कारण वाळू प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता पोचवते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मुलखाच्या पिकांची चिंता वाहत आहे आणि लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाणही तेथलेच. अशा धान्यभूमीत लाहीसाठी परमुलखाकडे पाहण्याची गरज नाही.

या खाद्याचा प्राण कुरकुरीतपणात आहे, आणि त्याचा निवाडा जिभेइतकाच कान करतो. ऑक्सफर्डमधील प्रयोगात, २००४ साली, बटाट्याचा काप चावतानाचा आवाज हेडफोनमधून तीव्र करून ऐकवला असता, तोच काप खाणारांना अधिक ताजा आणि अधिक कुरकुरीत भासला. हा आवाज टिकवायचा तर हवेतली आर्द्रता दूर ठेवली पाहिजे. ती लाहीच्या पातळ भिंतींत शिरली की त्या लवचिक होतात आणि दाताखाली मोडण्याऐवजी दबतात. येथे पालमची बाजू वरचढ आहे: अरबी समुद्राच्या शेजारी वसलेल्या वानखेडेवरील दमट हवेत लाही लवकर सादळते, तर मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत, ऐन आयपीएलच्या दिवसांत, ती बराच काळ टिकते. श्रावणात सादळलीच, तर कोरड्या कढईत परतून घ्यावी.

लाहीच्या जोडीला बटाटेवडा करायचा असेल, तर त्याबाबत एकच सूचना. तेलात असताना वड्यातून बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते, सबब वडा काढताक्षणीच निथळावा, आणि झाकून ठेवू नये.

मैदानावरील गजर मात्र घरात आणता येत नाही, आणि त्याचा चवीशी संबंध आहे. मोठ्या गोंगाटात खारटपणा व गोडी दोन्ही फिकी लागतात, असे २०११ मधील एका प्रयोगात आढळले. घरच्या शांततेत तेच मीठ अधिक जाणवते, म्हणून ते हात राखून घालावे. लाह्यांना फोडणी द्यायची तर तिच्यातील मिरची-कढीपत्त्याची तडतड पूर्ण थांबून त्यांतले पाणी उडाल्यावरच, शेंगदाणे आणि हळद घालून, लाह्या तीत टाकाव्यात; कांदा चिरून वेगळा ठेवावा आणि दोन षटकांच्या मधल्या अवकाशात, खाणार तितक्याच लाह्यांत मिसळावा.